बर्फावर आणलेलं रक्त

एकतीस वर्षं मी माणसांना टोपणाच्या रंगावरून ओळखलं. करडं टोपण म्हणजे साखर, लाल किंवा पिवळं म्हणजे लिव्हर-किडनी, जांभळं म्हणजे रक्तातल्या पेशी आणि आणखी दोन-चार गोष्टी. ज्यांचं रक्त तपासलं त्यांतली वीस-पंचवीस माणसं मी प्रत्यक्ष पाहिली असतील. पश्चिम उपनगरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, पार्किंग आणि लाँड्री यांच्यामध्ये आमची लॅब होती. मी तिथली सीनियर टेक्निशियन. सगळे मला कदम मॅडम म्हणायचे. पेशंट वर, आम्ही खाली. मध्ये लिफ्ट, आणि लिफ्टमधून ट्रे घेऊन येणारे शिंदेमामा.

आमच्या सोसायटीतल्या बायकांची अजूनही समजूत आहे की मी आयुष्यभर सुया टोचत होते. सुया टोचणारे वेगळे. टोचून काढलेलं रक्त खोटं बोलत नाही ना, हे बघणं माझं काम. आणि रक्त खोटं बोलतं. बिचाऱ्याची चूक नसते, त्याला वागवणाऱ्याची असते. जोरात ओढलं की पेशी फुटतात आणि पोटॅशियम वाढलेलं दिसतं. ग्लुकोजचं सलाइन चालू असलेल्या हातातून घेतलं की साखर आभाळाला टेकते. एकदा एक गृहस्थ चोवीस तासांची लघवी आंब्याच्या रसाच्या बाटलीत घेऊन आले, बाटली न धुता. त्यांच्या लघवीत साखर सापडली आणि ते काउंटरवरच रडायला लागले. त्यांना समजावण्यात माझी अर्धी सकाळ गेली. बाटली धुवून पुन्हा आणा म्हटलं, तर म्हणाले, "पण मॅडम, रस डायबेटिसवाल्यांचा होता!"

सगळ्यांत खोटारडी तपासणी अमोनियाची. शरीरात प्रथिनं जळली की अमोनिया तयार होतो. तो विषारी. लिव्हर त्याचं युरियात रूपांतर करतं, किडनी तो युरिया बाहेर टाकते. लिव्हर खराब झालं की अमोनिया रक्तात साठतो, मेंदूपर्यंत पोचतो, माणूस आधी बरळतो, मग झोपतो, मग उठत नाही. म्हणून ही तपासणी बहुतेक वेळा लिव्हरच्या पेशंटचीच होते. अडचण अशी की नळीतलं रक्तसुद्धा स्वतःहून अमोनिया बनवत राहतं. ते काढल्या काढल्या बर्फात घालावं लागतं, पंधरा-वीस मिनिटांत लॅबमध्ये पोचावं लागतं, थंड मशीनमध्ये फिरवून लगेच तपासायला लावावं लागतं. एवढं करूनही आकडा फसवतो. रक्त काढणारा नुकती सिगारेट ओढून आलेला असला तरी फसवतो. आमच्याकडे एका दुपारी ओळीने चार पेशंटचा अमोनिया वाढलेला आला. शोधता शोधता कळलं की सफाईवाल्यांनी लादी पुसायला नवीन औषध आणलं होतं, आणि त्यात अमोनिया होता.

असे अनुभव गाठीशी आले की माणूस संशयी होतो. सॅम्पल परत पाठवणारी बाई म्हणून मी वरच्या मजल्यांवर बदनाम होते. मला त्याचा अभिमान होता. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या अभिमानाचंच आहे.

विलास परब नावाच्या पेशंटची दोन्ही फुप्फुसं बदलली होती. वय सेहेचाळीस. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फर्निचरला पॉलिश करायचे. फुप्फुसं हळूहळू कडक होत गेली. कशामुळे, ते कोणी ठामपणे सांगितलं नाही. शेवटच्या वर्षी ऑक्सिजनचं मशीन लावूनही त्यांना न थांबता एक वाक्य पुरं बोलता येत नव्हतं. मग कोणाच्या तरी घरच्यांनी होकार दिला आणि फुप्फुसं मिळाली. ही माहिती मला नंतर त्यांच्या बायकोकडून, रेश्माकडून कळली. त्या दिवशी माझ्यासाठी ते फक्त आयसीयूतल्या बेड नंबर चारचं लेबल होतं.

ऑपरेशन उत्तम झालं होतं. तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला. सहाव्या दिवशी खुर्चीत बसून त्यांनी चहा घेतला. आठव्या दिवशी सकाळी रेश्मा आत भेटायला गेली, तेव्हा ते तिला म्हणाले, "रेश्मा, डबो उघडो रवलो, झाकण लाव गो." तिला वाटलं गंमत करताहेत. मग ते हाताने हवेतच पॉलिशचा बोळा फिरवायला लागले. तिने नर्सला बोलावलं.

डॉक्टरांना या गोष्टीची सवय असते. आयसीयूत झोप नसते, दिवस-रात्र कळत नाही, माणसं बरळतात. शिवाय नवीन अवयव शरीराने नाकारू नये म्हणून जे औषध देतात त्याने डोकं भ्रमिष्ट होऊ शकतं. त्यांनी औषधाचा डोस कमी केला, डोक्याचा स्कॅन काढला. स्कॅन स्वच्छ. लिव्हर, किडनी ठीक. डॉक्टर श्रुती म्हणून एक मुलगी आयसीयूत होती, शिक्षण संपवून वर्ष-दीड वर्ष झालेलं. तिने तपासण्यांच्या यादीत आणखी एक शब्द घातला. अमोनिया.

ती नळी माझ्याकडे पोचली सकाळी अकरा वीसला. लेबलवर रक्त काढल्याची वेळ होती दहा पस्तीस. पंचेचाळीस मिनिटं. बर्फ नाही. शिंदेमामांच्या ट्रेमध्ये इतर नळ्यांबरोबर आरामात आडवी पडलेली.

"मामा, हे काय?"

"लिफ्ट बंद होती मॅडम. आधी तिसऱ्यावर देऊन आलो, मग जिन्याने उतरलो."

"बर्फ?"

"मला कोणी दिलाच नाही."

मी कॉम्प्युटरवर टाइप केलं: सॅम्पल अयोग्य, बर्फात पुन्हा पाठवा. नळी रिजेक्टच्या स्टँडमध्ये ठेवली आणि पुढच्या कामाला लागले. सॅम्पल नाकारल्याची नोंद कॉम्प्युटरवर करायची, हा आमचा नियम होता. नियमात फोन नव्हता. फोन करायला मनाईही नव्हती. टेबलावर, माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर फोन होता.

वर त्याच वेळी दुसऱ्या एका पेशंटचं हृदय बंद पडलं. सगळे तिकडे धावले. बेड नंबर चारच्या स्क्रीनवर माझी ओळ आली आणि कोणी वाचली नाही. साडेतीनला लॅबचा फोन वाजला.

"मॅडम, डॉक्टर श्रुती बोलतेय. चार नंबरचा अमोनिया कुठे आहे?"

"तो रिजेक्ट केला. कॉम्प्युटरवर लिहिलंय."

"कधी?"

"अकरा वीसला."

ती म्हणाली, "मॅडम, पेशंट आता डोळे उघडत नाहीये. घशात पुन्हा नळी घालावी लागली. मी परत सॅम्पल पाठवू का?"

"पाठवू नका," मी म्हटलं. "मी येते."

असं मी का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. लॅबची माणसं वर जात नाहीत. डबा ठेवायच्या फ्रिजमधला बर्फ मी एका थर्मोकोलच्या खोक्यात भरला, त्यात थोडं पाणी ओतलं, कारण नुसत्या बर्फाचे खडे नळीला सगळीकडून टेकत नाहीत. आणि जिना चढले.

आयसीयूच्या दाराबाहेर बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, त्यात नवऱ्याच्या चपला. मी गाउन चढवत होते तेव्हा तिने विचारलं, "बाई, तुम्ही चार नंबरकडे जाताय?"

"हो. रक्त घ्यायला."

"सकाळपास्नं सगळे रक्तच घेतायत. काय झालंय ते सांगत नाय कोण." ती चिडलेली नव्हती. दमलेली होती. "सकाळी बोलत होते ओ माझ्याशी. नावानं हाक मारली."

मी आत गेले.

परबांच्या मनगटाच्या धमनीत आधीच बारीक नळी घातलेली होती, त्यामुळे दंडाला पट्टा आवळायचा, आणि त्याने आकडा चढायचा, प्रश्न नव्हता. नर्सने रक्त काढलं, मी नळी हातात घेतली, दोनदा हलकेच उलटी-सुलटी केली आणि बर्फात खुपसली. मग चेहऱ्याकडे पाहिलं. नवीन फुप्फुसं अगदी व्यवस्थित चालली होती. छाती एका लयीत वर-खाली होत होती. बाकी माणूस तिथे नसल्यासारखाच होता. डॉक्टर श्रुतीने त्यांच्या भुवईच्या हाडावर अंगठा जोरात दाबला. काही हाललं नाही.

मी जवळजवळ पळतच खाली आले. सहा मिनिटं लागली. मशीनने आकडा दिलाच नाही. मोजता येणार नाही इतका जास्त, एवढंच दाखवलं. मग सॅम्पल पातळ करून पुन्हा लावलं. नॉर्मल पन्नासच्या आत असतो. हा चारशे बारा होता.

आमचे सर, म्हणजे लॅबचे प्रमुख, मागे येऊन उभे राहिले. "लिव्हरचे रिपोर्ट मी पाहिलेत. एकदम नॉर्मल आहेत. लिव्हर नॉर्मल असताना चारशे कसा येईल? लादी कोणी पुसली का?"

"नाही सर."

"सॅम्पल कसं आलं?"

"मी आणलं."

सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "फोन लाव," म्हणाले.

फोनवर डॉक्टर श्रुतीने आकडा दोनदा विचारला. मग म्हणाली, "थँक यू मॅडम. मला वाटतंय ते हेच आहे." ते काय, हे मला तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. तळघरात स्वतः आली, स्टुलावर बसली आणि एका कागदावर पेनने गोल काढून समजावलं.

काही जंतू इतके लहान आणि साधे असतात की त्यांना बाहेरची भिंतच नसते. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या अंगात, मूत्रमार्गात, ते निमूट राहतात आणि आयुष्यभर कळतसुद्धा नाही. त्यांचं खाणं म्हणजे युरिया. युरिया फोडायचा आणि अमोनिया सोडायचा, एवढाच त्यांचा उद्योग. धडधाकट माणसात त्याचं काही बिघडत नाही. पण फुप्फुस बदललेल्या माणसाची प्रतिकारशक्ती औषधं देऊन मुद्दाम झोपवलेली असते. त्याच्यात हे जंतू शिरले, बऱ्याचदा दात्याच्या फुप्फुसाबरोबरच येतात, की ते बेसुमार वाढतात. लिव्हर आपलं काम चोख करत असतं. ते अमोनियाचा युरिया करतं, हे पुन्हा युरियाचा अमोनिया करतात. आणि नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स जंतूची भिंत पाडून त्याला मारतात. याला भिंतच नाही. नेहमीच्या कल्चरमध्ये तो उगवतही नाही. म्हणजे पेशंट आठ दिवस अँटिबायोटिक घेत होता, आणि सगळे रिपोर्ट स्वच्छ येत होते.

"तुम्ही अशी केस आधी पाहिली होती?" मी विचारलं.

"नाही. शिकताना एका मॅडमनी जाता जाता सांगितलं होतं. म्हणून सकाळी लिहिलं. पण मनात म्हटलं, बहुतेक नसेलच." ती कागदावरच्या गोलाकडे बघत राहिली. "सकाळी मला आठवणीने विचारायला पाहिजे होतं, रिपोर्ट आला का म्हणून."

तिने स्वतःच्या वाट्याचं माझ्यासमोर ठेवलं होतं. माझ्या वाट्याचं ठेवायला माझी जीभ रेटली नाही.

फुप्फुसातलं पाणी तपासायला बाहेरच्या लॅबला गेलं, पण त्याची वाट न बघता डॉक्टरांनी त्या जंतूला मारणारी औषधं सुरू केली होती. डायलिसिसचं मशीन लावून रक्तातला अमोनिया गाळायला घेतला होता. नाकातून चालू असलेल्या आहारातली प्रथिनं बंद केली होती. आणि दर सहा तासांनी एक नळी, बर्फात. आता बर्फ विसरायची कोणाची हिंमत नव्हती. शिंदेमामांनी स्वतःचा एक डबाच केला होता, त्यावर मार्करने लिहिलं होतं: चार नंबर, थांबू नये.

पुढच्या चार दिवसांत मी विलास परबांना आकड्यांवरून ओळखत गेले. दोनशे दहा. डायलिसिसच्या मशीनमध्ये रक्ताची गाठ झाली, दोन तास मशीन बंद राहिलं, तीनशे चाळीस. त्याच वेळी त्यांना फिट आली. मेंदूला सूज आली होती. मग दोनशे साठ. मग एकशे साठ. बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट आला, जंतू तोच होता. चौथ्या दिवशी सकाळी मी कामावर आले, स्वेटर घातला, मशीनचा रात्रीचा कागद पाहिला: पंच्याण्णव. मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. असं आधी कधी केलं नव्हतं, नंतरही नाही.

सहाव्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. महिन्याभराने ते घरी गेले, स्वतःच्या पायांनी, ऑक्सिजनशिवाय.

मग रीतसर मीटिंग झाली. अशा केसची होतेच. कागदपत्रं वाचली गेली. सॅम्पल अकरा वीसला नियमानुसार नाकारलं, नोंद केली, असं सरांनी वाचून दाखवलं आणि पान उलटलं. कोणी काही विचारलं नाही. कोणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं आणि ते खरंच होतं. ती नळी लावली असती तरी आकड्याला काही अर्थ नव्हता. पाऊण तास गरम राहिलेलं रक्त, त्यात अमोनिया वाढलेला असणारच. नाकारणं बरोबर होतं. गप्प बसणं बरोबर नव्हतं. यातल्या दुसऱ्या वाक्यासाठी त्या मीटिंगमध्ये रकाना नव्हता.

मी हात वर केला आणि म्हटलं, आयसीयूचं सॅम्पल नाकारलं तर लॅबने फोन करायचा, डॉक्टरशी बोलायचं, ज्याच्याशी बोललो त्याचं नाव लिहायचं. सगळ्यांनी मान डोलावली. माझ्या हाताखालच्या लोकांनी नंतर बरीच कुरकुर केली. "मॅडम, रिजेक्ट करायला एक मिनिट लागतं आणि तो फोन उचलायला त्यांना दहा." मी म्हटलं, मग दहा मिनिटं थांबा.

परब दर महिन्याला तपासणीला यायचे. रक्त देण्याचा काउंटर तळमजल्यावर होता, आणि मी काहीतरी निमित्त काढून वर जायचे. फुप्फुसं झकास होती. पण डावा हात थरथरायचा, पॉलिशचं काम सुटलं होतं. आणि नावं आठवत नव्हती. माणसं ओळखायचे, नावं यायची नाहीत. डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं होतं की तो जंतू बहुधा दात्याच्या फुप्फुसांतून आला. त्यावर ते मला म्हणाले होते, "त्यानं राहायला घर दिलं ओ. घरात ढेकूण निघाले म्हणून घर देणाऱ्याला शिव्या घालायच्या काय?" आणि मोठ्याने हसले होते. एक वाक्य न थांबता, वर हसणंसुद्धा.

माझ्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते, तेव्हा मी रेश्माला बाजूला घेतलं आणि सांगितलं. अकरा वीस ते साडेतीन. नळी, बर्फ, कॉम्प्युटर, फोन. आडपडदा ठेवला नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. "चार तास," म्हणाली.

"हो."

"त्या चार तासांत ह्यांचं डोकं गेलं?"

"ते कोणालाच सांगता येणार नाही. आधीच गेलं असेल, नंतरच्या फिटमध्ये गेलं असेल. कदाचित काहीच फरक पडला नसता. कदाचित पडला असता."

"तुमका..." ती मध्येच थांबली, मग शब्द निवडून बोलली. "तुम्हाला माहीताय, ते मला आता काय हाक मारतात? अगं. नुसतं अगं. सकाळी उठल्यावर ओठ हलवत बसतात, माझं नाव शोधत. मी सांगत नाय. डॉक्टर म्हणाले, शोधू दे." तिचा आवाज चढला नव्हता. "फोन करायला काय झालं होतं ओ?"

"काही नाही. करायला हवा होता."

ती नवऱ्याचा हात धरून निघून गेली. पुढच्या महिन्यात ती दोघं आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. परबांनी मात्र लांबूनच हात हलवला. त्यांना तिने काही सांगितलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या महिन्यात, माझ्या शेवटच्या आठवड्यात, ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. परबांना खुर्चीत बसवलं, त्यांची बाही स्वतः दुमडली, थरथरणारा हात बाजूला सारून उजवा हात माझ्यापुढे सरळ धरला.

"तुम्ही घ्या," म्हणाली. "आणि रिपोर्टचं मला तुम्हीच कळवा. कॉम्प्युटरवर नको."

मी घेतलं. बर्फात घातलं, स्वतः खाली नेलं, स्वतः लावलं. चाळीस आला. मी रेश्माने लिहून दिलेला नंबर फिरवला. फोन परबांनी उचलला.

"ती बाजारात गेलीय ओ. कोण बोलताय?"

"लॅबमधून कदम. तुमचा अमोनिया नॉर्मल आहे, चाळीस. एवढंच तिला सांगा."

"थांबा, थांबा," ते म्हणाले. "मला नंतर आठवायचं नाय. लिहून घेतो."

पेन शोधल्याचा आवाज आला. मग कागद सरकल्याचा. मग ते एकेक अक्षर पुटपुटत लिहायला लागले, अ, मो, नि. मध्येच थांबले, म्हणाले, "आणि वर तिचं नाव घालायला पाहिजे ना. निरोप कोणाला, ते." आणि गप्प झाले. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, संथ, सलग. नाव माझ्या ओठांवर होतं. मी ते सांगितलं नाही. फोन कानाला धरून थांबले.